केनला लाल, कोलिसीला पिवळं: हा न्याय झाला का?

ऑकलंडकर: मंडळी, २०२३च्या रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत काल पुन्हा बघितली आणि जुनी जखम उघडली. तेव्हा आमच्याकडे रविवार, सकाळचे आठ. चहा हातातच गार झाला होता. आमच्या न्यूझीलंडच्या सॅम केनला लाल कार्ड, म्हणजे उरलेला सामना बाहेर; दक्षिण आफ्रिकेच्या सिया कोलिसीला मात्र पिवळंच, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. दोघांचीही धडक डोक्यालाच ना? आणि हरलो किती गुणांनी, तर एका! १२-११.

दुसरी_फळी: केन ताठ उभा होता हो. खांदा थेट जेसी क्रीलच्या डोक्यात. मैदानावरच्या पंच वेन बार्न्सने आधी पिवळंच दिलं; बंकरमधल्या, म्हणजे मैदानाबाहेर बसलेल्या पंचांनी चित्रण तपासून ते लाल केलं. कोलिसी आर्डी सावियाला भिडला तेव्हा वाकलेला होता, म्हणून धोका कमी धरला. मला दोन्ही पटलं.

जुना_हूकर: मुंबईत क्लबकडून खेळताना असाच एक टॅकल खाल्लाय. संध्याकाळपर्यंत स्कोअर आठवेना. इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसनला २००३चा विश्वचषक जिंकल्याचंच आठवत नाही, चाळिशीतच स्मृतिभ्रंश. डोक्याला लागलं की कार्ड, यात मी तरी दयामाया मागणार नाही.

ऑकलंडकर: थॉम्पसनचं वाचून गप्प झाले. केनचं कार्ड मान्य. कोलिसीचं अजून नाही, पुन्हा बघते. पण नंतर बार्न्सला ऑनलाइन धमक्या आल्या, त्या देणाऱ्यांत आमच्या बाजूचं कुणी असेल तर मला लाज वाटते.