विषय: [वेब] ठाणे-नवी मुंबई पानांचा मेनू गायब (तातडीचे)

प्रेषक: सचिव, कोपरी

मंडळी,
नव्या सर्व्हरवर गेल्यापासून आपल्या विभागाच्या पानांवर वरचा मेनू नाही आणि खालची 'कसे याल' पट्टीही नाही. मधला मजकूर ठीक आहे. 'कार्यकारिणी' आणि 'वर्गणी' या दोन पानांवर मात्र मेनूच्या जागी इंग्रजीत कसलीशी एरर येते. रविवारी वाशीच्या भावे नाट्यगृहातल्या कार्यक्रमाचा दुवा सगळीकडे जायचा आहे आणि पट्टीच नाही. प्रत्येक पानात मेनू हाताने चिकटवून टाकू का?

---

प्रेषक: वेब समिती, नेरूळ

ताई, हाताने अजिबात चिकटवू नका. पुढच्या वेळी सभागृह बदललं की सगळी पानं पुन्हा उघडावी लागतील.

हे दोन वेगळे रोग आहेत. मेनू नसलेलं पान उघडून 'व्ह्यू सोर्स' करा. तिथे
<!--#इन्क्लूड व्हर्च्युअल="/तुकडे/मेनू.एसएचटीएमएल" -->
ही ओळ (मेनूची फाईल इथे आणून जोड, असा सर्व्हरला निर्देश) जशीच्या तशी दिसली, तर सर्व्हरने ती वाचलेलीच नाही. ब्राउझरच्या लेखी ती साधी कॉमेंट, म्हणून पडद्यावर काही उमटत नाही. एरर येते तिथे सर्व्हरने ओळ वाचली, पण अमलात आणता आली नाही. (आपल्या मेल-यादीच्या नियमाने निर्देश देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये रोमनमध्येच हवेत.)

एररवाली दोन्ही पानं .एसएचटीएमएल आहेत, बाकीची .एचटीएमएल. जुन्या अपाचीवर (पानं पुरवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर) दोन्ही वाचली जात होती. नव्या होस्टने बहुधा फक्त .एसएचटीएमएल चालू ठेवलंय. डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचीच्या सेटिंगची फाईल) या दोन ओळी टाका:

ऑप्शन्स +इन्क्लूड्सनोएक्झेक
अ‍ॅडआउटपुटफिल्टर इन्क्लूड्स .एचटीएमएल .एसएचटीएमएल

अधिक चिन्ह विसरू नका. ते नसलं तर आधीचे सगळे ऑप्शन्स पुसले जातात, 'फॉलोसिमलिंक्स'सुद्धा, आणि रीराइटचे (पत्ता बदलायचे) नियम असलेल्या फोल्डरमध्ये थेट 403 (प्रवेश नाही). 'नोएक्झेक' अशासाठी की पानातून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय बंद राहते. आपल्याला ती कधीच लागत नाही. या ओळी टाकल्यावर सगळी साइटच 500 (सर्व्हरची एरर) देऊ लागली, तर होस्टने 'अलाउओव्हरराइड'मध्ये 'ऑप्शन्स' किंवा 'फाईलइन्फो'ला परवानगी दिलेली नाही. मग ओळी काढा आणि त्यांना कळवा.

---

प्रेषक: माजी वेबमास्तर, वाशी

.एचटीएमएल सरसकट पार्स करायची (निर्देशांसाठी चाळायची) गरज नाही. त्यासाठीच 'एक्सबिटहॅक' आहे. ते 'ऑन' करा आणि हव्या त्या पानांना एक्झिक्यूट बिट (फाईल चालवायची परवानगी) द्या. बाकीची पानं सर्व्हर उगाच चाळत बसणार नाही. साइट उभी केली तेव्हा हीच पद्धत होती, मधल्या समितीने बदलली.

---

प्रेषक: वेब समिती, नेरूळ

काका, पद्धत बरोबर आहे, पण आता पानं चार जण चढवतात. नवीन फाईल एफटीपीने गेली की ती 644 वर (फक्त वाचा-लिहायच्या परवानग्या) बसते, बिट नसतो, आणि पुन्हा "मेनू गेला" अशी मेल येते. पानं साठच्या आत आहेत, सर्व्हरला तेवढं चाळणं जड नाही.

'एक्सबिटहॅक फुल' तर नकोच. 'फुल' असताना ग्रुपचा बिट लावला की अपाची मूळ पानाची तारीख 'लास्ट-मॉडिफाइड' म्हणून पाठवतो. उद्या पट्टीच्या फाईलमध्ये सभागृह बदललं तरी मूळ पानाची तारीख तीच राहते. ब्राउझर विचारतो, "बदललं का?" सर्व्हर म्हणतो 304 (बदल नाही), आणि लोक जुन्या सभागृहावर जाऊन उभे.

---

प्रेषक: खजिनदार, घोडबंदर रोड

पट्टीचा विषय निघालाच आहे तर, तिच्यात अजून 'ठाण्यानंतर ऐरोली' असंच लिहिलंय. दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं. क्रम ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी असा हवा. आणि पनवेल किंवा नेरूळ गाडीत बसलात तर वाशी लागत नाही, तुर्भ्याहून ती जुईनगरला वळते, हे ठळक लिहा. दर कार्यक्रमाला निम्मे ठाणेकर जुईनगरला उतरतात.

---

प्रेषक: सदस्य, सानपाडा

ठळक लिहूनही ठाणेकर वाचत नाहीत, हा भाग वेगळा. पट्टीवर 'शेवटचा बदल' अशी तारीख टाका, म्हणजे मजकूर शिळा आहे की ताजा ते कळेल.

---

प्रेषक: वेब समिती, नेरूळ

तारीख जमेल, पण कोणती ते ठरवा. तुकड्यात 'एको व्हार="लास्ट_मॉडिफाइड"' लिहिलंत तर मूळ पानाची तारीख येते, पट्टीची नाही. पट्टीची हवी तर:

<!--#कॉन्फिग टाइमएफएमटी="%d-%m-%Y" -->
<!--#एफलास्टमॉड व्हर्च्युअल="/तुकडे/पट्टी.एसएचटीएमएल" -->

(टक्क्यांनंतरची अक्षरं रोमन डी, एम, वाय. वाय मोठा, बाकी दोन लहान.) आकडेच वापरा. महिन्याचं नाव मागितलं तर ते सर्व्हरच्या भाषेत येतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पहाटे 5:30 च्या आधी केलेला बदल आदल्या दिवसाच्या तारखेने दिसेल. त्यावरून मेल पाठवू नका. पट्टीची फाईल .एसएचटीएमएलच ठेवा. आत आणलेल्या तुकड्यातले निर्देश वाचायचे की नाही, हे त्या तुकड्याच्या स्वतःच्या एक्स्टेन्शनवर ठरतं.

दिघा गाव घातलं. एका फाईलमध्ये.

---

प्रेषक: सचिव, कोपरी

दोन्ही ओळी टाकल्या. 500 आलं नाही, पण मेनूही आला नाही. एरर तर तशीच आहे.

---

प्रेषक: माजी वेबमास्तर, वाशी

एररचं मी सांगतो, तो मेनू माझा आहे. मेनूत चालू पान गडद करायला 'इफ' वापरलाय:
<!--#इफ एक्स्प्र="$डॉक्युमेंट_यूआरआय = /वर्गणी.एसएचटीएमएल" -->
हे अपाची 2.2 चं व्याकरण. 2.4 मध्ये एक्स्प्रेशन वाचणारा पार्सरच बदलला. आता असं लिहायचं:
<!--#इफ एक्स्प्र='व्ही("डॉक्युमेंट_यूआरआय") == "/वर्गणी.एसएचटीएमएल"' -->
बाहेर एकेरी अवतरण, आत दुहेरी. आत-बाहेर दोन्हीकडे एकच अवतरण वापरलं की पुन्हा तीच एरर. रविवारपर्यंत वेळ नसेल तर 'एसएसआयलेगसीएक्स्प्रपार्सर ऑन' ही ओळ डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये टाका, जुनं व्याकरण चालेल. कायमचा इलाज नाही.

मेनूची फाईल नोटपॅडमध्ये जतन करताना 'यूटीएफ-8' निवडा, 'विथ बीओएम'वालं (फाईलच्या सुरुवातीला अदृश्य खूण घालणारं) नको. जुन्या विंडोजवर नोटपॅड बीओएम आपणहून घालतो. तो पानाच्या मधोमध येऊन पडतो आणि मेनूच्या वर रिकामी फट दिसते. तुकड्यात 'हेड', 'बॉडी' वगैरे टॅग नकोत, ते मूळ पानात आहेत.

---

प्रेषक: सदस्य, सिंगापूर

इतकी खटपट कशाला? सगळी साइट स्टॅटिक जनरेटरवर (पानं आधीच पूर्ण बनवून ठेवणारं साधन) न्या, सर्व्हरवर काही वाचायलाच नको.

---

प्रेषक: खजिनदार, घोडबंदर रोड

मग पानं बदलायला दर वेळी तुम्हालाच फोन करायचा का? इथे पानं बदलणाऱ्यांना एफटीपी येतं, तेवढं पुरे आहे.

---

प्रेषक: वेब समिती, नेरूळ

ताई, मेनू का येत नाही ते सापडलं. डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये मुद्दाम एक निरर्थक शब्द टाकून पाहिला. .एसएचटीएमएल पानांनी 500 दिलं, .एचटीएमएल पानं मजेत उघडली. म्हणजे अपाचीच्या पुढे एनजिनएक्स (दुसरं सर्व्हर सॉफ्टवेअर) बसवलाय आणि .एचटीएमएल फाईल तो परस्पर देऊन टाकतो. ती विनंती अपाचीपर्यंत पोचतच नाही, मग आपल्या ओळी वाचणार कोण? (शब्द काढून टाकला आहे.)

दोन मार्ग आहेत. एक, होस्टला सांगा की एनजिनएक्सच्या स्टॅटिक यादीतून .एचटीएमएल वगळा. एनजिनएक्सला स्वतःचं 'एसएसआय ऑन' (असेच निर्देश वाचायची सोय) आहे, पण ते मागू नका. त्याचं 'इफ'चं व्याकरण अपाचीच्या 2.4 पेक्षा वेगळं आहे, काकांचा मेनू तिसऱ्यांदा लिहावा लागेल. दोन, सगळी पानं .एसएचटीएमएल करा.

---

प्रेषक: खजिनदार, घोडबंदर रोड

नावं बदलली तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले सगळे जुने दुवे 404 देतील. वर्गणीचा दुवा पावत्यांवर छापलेला आहे.

---

प्रेषक: वेब समिती, नेरूळ

वर्गणीचं पान आधीपासून .एसएचटीएमएलच आहे, पावत्या सुरक्षित आहेत. बाकीच्यांना 'रीडायरेक्टमॅच 301' (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लावता येईल. जुनी .एचटीएमएल फाईल जागेवरून हटली की एनजिनएक्सला ती सापडत नाही. मग बहुतेक मांडण्यांमध्ये विनंती अपाचीकडे जाते आणि तिथून नव्या पत्त्यावर. आधी एका पानावर करून बघा. नियमात /तुकडे/ फोल्डर येऊ देऊ नका. तिथे कोणी .एचटीएमएल तुकडा ठेवला तर 'इन्क्लूड'लाच रीडायरेक्ट मिळेल आणि पुन्हा एरर.

---

प्रेषक: सचिव, कोपरी

होस्टला मेल टाकली आहे. रविवारसाठी फक्त 'कार्यक्रम' आणि 'कसे याल' ही दोन पानं .एसएचटीएमएल करते, त्यांच्या जुन्या नावांना 301. काका, नव्या व्याकरणाचा मेनू आज रात्रीपर्यंत पाठवा. लेगसीवाली ओळ मी टाकत नाही.