हवेवरच्या मननासाठी मदत हवी आहे

सृष्टीच्या काळानिमित्त (१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, ख्रिस्ती मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थना करतात तो काळ) प्रार्थनासभेत हवेवर छोटं मनन मांडायचंय. बायबलमधलं उत्पत्ती २:७ घेतलंय: मातीचा माणूस घडून तयार, पण देव नाकपुड्यांत श्वास फुंकेपर्यंत निपचित. जोडीला प्रेषितांची कृत्ये १७:२५: देवच सगळ्यांना जीवन आणि श्वास देतो. इथवर ठीक, पुढे गाडी अडलीय. असिसीचे संत फ्रान्सिस वाऱ्याला भाऊ म्हणतात, छानच. पण आमच्यात दम्याची माणसंही असतात, खिशात पंप ठेवून बसणारी. त्यांच्यासमोर ‘श्वास ही फुकटची देणगी’ म्हणायला जीभ रेटत नाही. (प्रदूषणावर भाषणही नको, ते सगळीकडे ऐकतोच.) धाप लागलेल्यालाही आपलं वाटेल असं एखादं स्तोत्र किंवा वचन सुचवाल का? यहेज्केल ३७ मधली, श्वास शिरून जिवंत होणारी वाळलेली हाडं घेऊ, की फार जड होईल?