अख्खी ऑर्डर एका कॉलमात जेसन करून ठेवायची की टेबलं फोडायची?

टॉवेल_कोडर: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला ॲप करून द्यायलोय, नेट असो नसो चाललं पाहिजे म्हणून फोनमध्येच एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस. ऑर्डरखाली डिझाइन, डिझाइनखाली साईज, साईजखाली रंग, रंगाखाली डझन, हे सगळं एकाच कॉलमात जेसन, म्हणजे एकात एक गुंफलेला एकच लांब मजकूर. आता होतंय काय, गोडाऊनवाला निळ्याचे डझन बदलतो, तेवढ्यात मागनं सिंक (सर्व्हरशी डेटा जुळवणं) चालतं आणि जुना आकडा परत येऊन बसतो, एरर नाही काही नाही. मधूनच 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं ते वेगळंच. तरी माझं मत जेसनच बरं, नाहीतर टेबलं परत जोडायला जन्मभर जॉईन लिहीत बसा. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा.

नवीपेठ_डीबी: कारण तूच सांगितलंयस की बे. स्क्रीन अख्खं जेसन वाचते, सिंकही अख्खं वाचतं, दोघं आपापला बदल करून अख्खं परत लिहितात, जो शेवटी लिहील त्याचं राहतं. डेटाबेसला निळा-हिरवा काय कळतंय, त्याच्या लेखी ती एक लांब ओळ. रंगाला स्वतःची रो दे, म्हणजे टेबलात वेगळी नोंद, 'डझन = डझन - ५' असं अपडेट मार, विषय संपला.

सातरस्ता_देव: एवढ्यासाठी टेबलं कशाला? एसक्यूलाइटचं जेसन_सेट फंक्शन वापरून एकाच अपडेटमध्ये तेवढीच किल्ली (निळ्याचे डझन) बदला, वाचणं-लिहिणं एकाच लॉकखाली होतं. फक्त ॲरे (यादी) द्यायचा असेल तर जेसन() मध्ये गुंडाळून द्या, नाहीतर तो नुसती स्ट्रिंग म्हणून आत जातो आणि पुढच्या वेळी जेसन वाचणारा पार्सर बोंबलतो. हां, ही फंक्शन्स एसक्यूलाइट ३.३८ पासनं, म्हणजे २०२२ पासनं आपोआप आत असतात. जुन्या फोनच्या भरवशावर राहू नका, ॲपसोबत स्वतःची एसक्यूलाइट पाठवा.

नवीपेठ_डीबी: म्हणजे जॉईन नको म्हणून आख्खं इंजिन सोबत न्यायचं. भारीय.

जुनी_मिल: टेबलं फोडा म्हणणाऱ्यांनी पुढचंही सांगावं ओ. ऑर्डर सेव्ह करायला सगळे 'इन्सर्ट ऑर रिप्लेस' ठोकतात, ते अपडेट नसतंच, जुनी रो उडवून नवी घालतं, आणि फॉरेन की (खालच्या रोला वरच्या रोशी बांधणारा दुवा) वर कॅस्केड (वरची उडाली की खालचीही उडते) लावलं असेल तर खालचे सगळे रंग साफ. त्यात फॉरेन की प्रत्येक कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते, त्यामुळे एकाकडं उडतं नि दुसऱ्याकडं नाही, शोधत बसा मग. अपसर्ट, म्हणजे रो असेल तर अपडेट नसेल तर इन्सर्ट, एसक्यूलाइट ३.२४ पासनं आहे, पण अँड्रॉइड १० मध्ये ३.२२ येते, तिथं आधी अपडेट, शून्य रो बदलल्या तर इन्सर्ट, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही).

टॉवेल_कोडर: आणि लॉक्डचं काय?

जुनी_मिल: वॉल मोड लावा (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलीत जातात), वाचणारे अडत नाहीत, लिहिणारा मात्र एका वेळी एकच. बिझी टाइमआउट द्या, म्हणजे लॉक दिसलं की लगेच एरर न देता थोडं थांबतं. आधी वाचून मग लिहिणार असाल तर 'बिगिन इमिजिएट' नंच सुरू करा, लिहायचं लॉक आधीच घेतलं जातं, नाहीतर टाइमआउट देऊनही तिथल्या तिथं बिझी येतं. आणि सिंकवाल्यानं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून सर्व्हरची वाट बघू नये, निम्मा त्रास तिथंच असतो.

टॉवेल_कोडर: ते करतो. डझनाचं टेबल वेगळं काढतो, पण बॉर्डर, वजन, वीण हे जेसनमध्येच राहणार, ते कोण शोधायला येतंय.

नवीपेठ_डीबी: मालक उद्या म्हणाला, पाचशे ग्रॅमवाले किती गेले दाखव, तर?

टॉवेल_कोडर: आधी बिल तर काढू दे बे, मग दाखवतो.