फिश पेपर मिरची : पूर्ण पांढरी फांदी ठेवू की छाटू? पांढरी फळं वाळवता कशी?

नमस्कार मंडळी,

कुंडीत फिश पेपर लावली आहे. पानांवर हिरवे-पांढरे चट्टे, फळं आधी दुधासारखी पांढरी आणि त्यावर हिरव्या रेघा, मग नारिंगी, शेवटी लाल. तिखटपणा साधारण ५,००० ते ३०,००० स्कोव्हिल, म्हणजे मध्यम.

माझा सगळा जीव आहे तो पांढऱ्या फळांत. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या भागातले आफ्रिकन-अमेरिकन स्वयंपाकी ही मिरची मासे, कालवं आणि खेकड्यांच्या पांढऱ्या सॉसमध्ये घालत, कारण तिखट उतरतं पण सॉसचा रंग बिघडत नाही. हे वाण जवळपास नाहीसं झालं होतं. चित्रकार होरेस पिपिन यांनी १९४० च्या दशकात मधमाश्यांच्या बदल्यात बियाणं वीव्हर कुटुंबाला दिलं आणि १९९५ मध्ये त्या घरातले नातू, खाद्य-इतिहासकार विल्यम वॉइस वीव्हर यांनी ते सीड सेव्हर्स एक्स्चेंज या जुनं बियाणं जपणाऱ्या संस्थेमार्फत लोकांपर्यंत पोचवलं. इतक्या हातांतून आलेलं बी माझ्याकडे बिघडू नये, म्हणून विचारतेय.

झाडाला एक फांदी पूर्ण पांढरी आली आहे आणि एक पूर्ण हिरवी. हिरवी जोमात वाढतेय, ती बाकीच्यांना मागे टाकेल म्हणून बुडापासून काढायचं ठरवलंय. पांढऱ्या फांदीत हरितद्रव्य नाही, ती बाकी झाडाच्या जिवावर जगते, हे कळतं. पण पांढरी फळं तिच्यावरच मिळतील असं वाटून कात्री उचलवत नाही. कोणी अशी फांदी ठेवली आहे का? फळं धरली का, की दुपारच्या उन्हात करपली? सध्या कुंडी दुपारी सावलीत सरकवते.

दुसरं, वाळवणं. पांढऱ्या मिरच्या उन्हात वाळवल्या की पिवळट-तपकिरी पडतात. मला पांढऱ्या सॉससाठी फिकट रंगाची पूड हवी आहे. डीहायड्रेटर वापरणाऱ्यांनी तापमान किती ठेवता ते सांगा. उभी चिरून बिया काढल्यावर रंग टिकतो का? ताज्याच गोठवून ठेवणारे कोणी असतील तर सॉसमध्ये घालताना त्यांचं पाणी सुटतं का, तेही लिहा.

बियाण्यासाठी कळ्या उमलायच्या आधीच फांदीला जाळीची पिशवी बांधणार आहे, शेजारी दुसऱ्या मिरच्या आहेत ना. बी मात्र चट्टेरी फांदीवरच्या लाल फळाचंच धरायचं, असं मनात आहे. ज्यांनी पुढच्या पिढीची रोपं केली आहेत त्यांच्याकडे पानांवरचे चट्टे तसेच उतरले का?