वजन ९४ आणि ५२ किलो : काइटसर्फिंगचा एकच सेट दोघांना पुरेल का?

माहीकाठ
नमस्कार मंडळी. बडोद्याहून, मांजलपुरातून विचारतोय. माझं वजन ९४, धाकट्या बहिणीचं ५२. दोघांनाही वॉटरस्टार्ट (पाण्यात असताना काइटच्या ओढीने बोर्डावर उठणं) येतो, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढणं अजून कच्चं आहे. जुलैत आठ दिवस रामेश्वरमला जायचंय आणि या वेळी भाड्याचं न घेता स्वतःचं सामान न्यायचं म्हणतोय. एका ठिकाणी सांगितलं की १२ चौरस मीटरचा एक काइट (ओढणारा मोठा पतंग) आणि १३८ × ४१ सेंटिमीटरचा एक बोर्ड घ्या, दोघांचं भागेल. खरंच भागेल? मी वजन ८५ वर आणलं तर किती फरक पडेल? आणि बडोद्याजवळ सरावाची काही सोय?

नैऋत्य
नाही भागणार, आणि बहिणीच्या बाबतीत तर धोकाच आहे.

ढोबळ हिशेब असा: वजन किलोत घ्या, त्याला वाऱ्याच्या नॉटने भागा आणि २.२ ने गुणा. ट्विनटिप, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेल्या, बोर्डावर लागणारा काइट चौरस मीटरमध्ये मिळतो. १८ नॉटला (ताशी ३३ किमी) तुम्हाला साडेअकरा येतो, तिला ६.४. उलटा हिशेब केला तर १२ चा काइट तुम्हाला १७ नॉटला जुळतो आणि तिला साडेनऊला. साडेनऊ नॉटला ट्विनटिप धड पळतही नाही. म्हणजे ज्या वाऱ्यात बोर्ड पळेल, त्या वाऱ्यात तो काइट तिला जास्तच होणार.

हे सूत्र १४ ते २२ नॉटच्या मधल्या पट्ट्यातच वापरा. सूत्रात वारा सरळ भागिला आहे, पण काइटची ओढ वाऱ्याच्या वर्गाने वाढते. १५ नॉटच्या वाऱ्यात २० चा झोत आला तर ओढ १.७८ पट होते. ९४ किलोचा माणूस टाचा रोवून तो झोत झेलू शकतो, ५२ किलोच्या मुलीला तो उचलून नेतो. म्हणून तिचा काइट सरासरी वाऱ्यावर ठरवू नका, झोतावर ठरवा. तुमचा सरासरीवर ठरवला तरी चालेल.

तुम्ही दोघं मिळून १४, १० आणि ७ घ्या. १५ नॉटला तुम्ही १४ वर, ती ७ वर. २० च्या आसपास तुम्ही १० वर. तिला तेव्हा ६ च्याही आत लागतो, म्हणून तिने ७ वर निघू नये, ५ चा भाड्याने घ्यावा. १० चा काइट दोघांचा सामाईक, तो तिला १२ नॉटच्या मंद दिवसात कामी येईल. पाण्यात दोघं एकाच वेळी उतरणार असाल तर बारही (काइटच्या दोऱ्या जोडलेला, हातात धरायचा दांडा) दोन लागतील: मोठ्या काइटना ५० सेंटिमीटरच्या आसपासचा आणि २२–२४ मीटर दोऱ्यांचा, ७ ला ४५ चा आणि २० मीटरच्या दोऱ्यांचा. काइट ज्या कंपनीचा, बार त्याच कंपनीचा घ्या. पुढच्या दोन दोऱ्या नेमक्या कुठल्या उंचीवर एकत्र येतात ते प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि चुकीच्या बारवर काइट मागे कोसळतो.

वजनाचं म्हणाल तर ९४ चे ८५ झाले की १८ नॉटला जेमतेम एक मीटरचा फरक पडतो. त्यासाठी खरेदी थांबवू नका.

दांडियाबाजार
काइटचं वर बरोबर सांगितलंय. पण माझ्या मते जड माणसाने आधी बोर्ड बघावा, कारण त्याच्या निम्म्या तक्रारी काइटच्या नसून बोर्डाच्या असतात.

वॉटरस्टार्टला नेमकं काय होतं ते बघा. काइट १२ वाजल्याच्या जागेवरून, म्हणजे डोक्यावरून, खाली मारला, ओढ आली, तुम्ही उठलात. १३८ × ४१ वर ९४ किलो उभे राहिले की बोर्डाची मागची कड पाण्यात बुडते, टाचेखालून पाण्याचा फवारा उडतो आणि तीन-चार मीटरवर बोर्ड बसतो. माणसाला वाटतं ओढ कमी पडली. मग तो काइट आणखी जोरात मारतो आणि तोंडावर पडतो. पुढच्या वेळी मोठा काइट लावतो. बोर्ड १४८ × ४४ चा आणि कमी वाकाचा, म्हणजे चपटा, असता तर त्याच काइटवर तो तरंगून गेला असता. जड माणसाला उठायलाच जास्त ओढ लागते, एकदा बोर्ड पाण्यावर आला की मग कमी पुरते. रुंद बोर्ड नेमका हा उठण्याचा खर्च वाचवतो. वर चढणं कच्चं आहे म्हणता, तेही बऱ्याच अंशी यानेच सुधारेल. बोर्ड थोडा कडक घ्या, मऊ बोर्ड तुमच्या वजनाखाली वाकून वेग खातो.

बहिणीला १३२–१३४ × ३९–४० पुरे. तुमचा १४८ तिला दिलात तर तिला कड पाण्यात दाबता येणार नाही, लाटांवर बोर्ड थडथडत वाऱ्याबरोबर खाली जाईल. काइट सामाईक चालतो, बोर्ड नाही.

काइटच्या नळ्यांतला हवेचा दाब चुकवू नका. १४ ला साधारण ६ पीएसआय, ७ ला ७–८, नेमका आकडा झडपेजवळ छापलेला असतो. पुढची नळी मऊ राहिली की जड माणसाच्या ओढीने ती झोतात मधोमध दुमडते.

शर्यतीत वजनाचं गणित उलटंही असतं. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये काइट पहिल्यांदाच आला, शर्यती मार्सेयला झाल्या. तिथल्या फॉइल बोर्डवर (खाली पाण्यात पंख असलेला, त्यावर पाण्याबाहेर उचलला जाणारा बोर्ड) वजन कामाला येतं, कारण जड खेळाडू तेवढ्याच वाऱ्यात मोठा काइट पेलून धरतो.

रेवाकाठची
बहिणीसाठी चार गोष्टी, कारण हलक्या माणसाचे प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही.

हार्नेस (अंगावरचा पट्टा, ज्याच्या हुकात बार अडकतो) तिच्या मापाचाच हवा. भावाचा आवळून घातला तर ओढ आल्यावर तो बरगड्यांवर चढतो, हूक छातीपाशी येतो आणि बार हाताच्या टप्प्याबाहेर जातो. मग ओढ कमी करायची पट्टीही हाती लागत नाही. पट्टी पूर्ण ओढून हात पोचतोय ना, हे किनाऱ्यावरच हुकात अडकवून तपासावं.

काइट वर घेताना आणि उतरवताना हलका माणूस सगळ्यात असुरक्षित असतो. काइट पाण्याच्या बाजूला आणि खालीच ठेवायचा, १२ वर नेऊन किनाऱ्यावर गप्पा मारत उभं राहायचं नाही. पाय घसरू लागले की बार सोडायचा, तरी थांबत नसेल तर लगेच काइटची ओढ तोडणारी सेफ्टी ढकलायची. दादाने मागून हार्नेस धरून ठेवणं हा उपाय नव्हे, झोत दोघांनाही ओढतो. दादांनाही एक सांगते: पोट सुटलेलं असेल तर कंबरेचा हार्नेस वर सरकतो, तेव्हा मांड्यांतून पट्टे असलेला बैठा हार्नेस बघा.

माहीकाठ
मनापासून आभार. १४८ चा बोर्ड नक्की. सरावाचं तेवढं राहिलं.

नैऋत्य
खंभातच्या आखाताकडे जाऊ नका. नकाशावर जवळ दिसतं, पण भावनगरकडे भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो, ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि प्रवाह माणसाला पोहू देत नाही.

बडोद्यात २–३ मीटरचा ट्रेनर (सरावाचा छोटा) काइट मोकळ्या मैदानावर उडवा, तेवढाच. झाडा-इमारतींमुळे वारा तुटक येतो, पण हाताला वळण लागतं: एका हाताने आठचा आकडा, बाराला थांबवणं, न बघता दिशा ओळखणं. ७ चा काइट जमिनीवर कधीच नको, बहिणीने तर नाहीच. आणि डिसेंबर-जानेवारीत, उत्तरायणाच्या आगेमागे, ट्रेनरही काढू नका. काचेचा मांजा दोरीला घासला तर दोरी तिथेच कमकुवत होते आणि पुढे भर ओढीत तुटते. घासली असेल अशी शंका असली तरी जुलैच्या आधी ती दोरी बदला, आणि बदलल्यावर चारही दोऱ्या खिळ्याला अडकवून ताणून सारख्या लांबीच्या आहेत का ते मोजून घ्या.