मदत हवी आहे : आकडा ६० चा दिसतो, तरी गाडी अडखळते. खेळण्यासाठी नेमके किती एफपीएस पुरतात?

मधला वाडा
नमस्कार. गेल्या आठवड्यात खास खेळण्यासाठी म्हणून नवा लॅपटॉप घेतला. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला आहे आणि पडद्याच्या कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे, तयार होतात त्याचा) आकडा ५९-६० च्या खाली उतरत नाही. तरीही गाडी वेगात वळणावर घातली की रस्त्याकडेची झाडे सरकत येण्याऐवजी ठेचकाळत येतात आणि दहा मिनिटांत डोळे शिणतात. विक्रेत्याला फोन केला, तर ६० म्हणजे उत्तम, दोष तुमच्या डोळ्यांत असेल, असे उत्तर मिळाले. भाचा म्हणतो, मामा, १४४ च्या खाली खेळणे म्हणजे स्लाइड शो पाहणे. माझा प्रश्न एवढाच आहे की, खेळाचा आनंद घेता यावा यासाठी किती एफपीएस पुरेसे मानावेत? आकडा एका वाक्यात सांगावा. लॅपटॉप परत करण्याची मुदत रविवारी संपते, त्यामुळे कृपया लांबण लावू नये.

काजवा
एका वाक्यात सांगायचे तर सावकाश फिरण्याच्या खेळाला स्थिर ३०, वेगाच्या खेळाला ६० आणि नेमबाजीच्या स्पर्धेला १२० किंवा त्याहून अधिक. मात्र या वाक्याने तुमचे दुखणे जाणार नाही, कारण खरोखरच समान अंतराने येणाऱ्या ६० फ्रेमवर झाडे ठेचकाळत नाहीत. खेळाचे नाव, ग्राफिक्स कार्ड, रेझोल्यूशन, पडद्याचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तो आकडा) आणि व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या तालावर सोडण्याची सोय) चालू आहे की बंद, एवढे सांगितलेत तर पुढे काही बोलता येईल.

तिसरी घंटा
या आकड्यांच्या शर्यतीचे मला नेहमी नवल वाटते. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ चित्रांपेक्षा जास्त कळत नाहीत, हे शंभर वर्षांच्या सिनेमाने सिद्ध केलेले आहे. चित्रपटगृहात कुणाला पडदा अडखळताना दिसला आहे का? मग खेळाला ६० आणि १४४ कशासाठी हवेत? धागाकर्त्यांनी लॅपटॉप परत करून पैसे वाचवावेत.

प्रोजेक्टरची खोली
मी आठ वर्षे चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला आहे, म्हणून वरच्या विधानाला उत्तर देणे भाग आहे. २४ हा आकडा डोळ्याची मर्यादा म्हणून ठरलेला नाही. दादासाहेब फाळक्यांच्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत आणि वेग कमीजास्त झाला तरी चालून जाई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, ध्वनीसाठी वेग कायम राखणे आवश्यक झाले, आणि आवाजही नीट यावा व फिल्मही फार खर्ची पडू नये अशा तडजोडीतून २४ चे मान रूढ झाले. एवढ्यावरही चित्र लुकलुकतेच, म्हणून प्रोजेक्टरच्या शटरला दोन किंवा तीन पाती असतात आणि एकच फ्रेम पडद्यावर दोनदा किंवा तीनदा उजळते. म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यावर सेकंदाला ४८ किंवा ७२ उजेड पडतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम साधारण १/४८ सेकंद उजेड घेते, त्यामुळे धावणाऱ्या माणसाचा हात त्या फ्रेममध्ये पुसट ओढलेला दिसतो आणि ती पुसट रेघ पुढच्या फ्रेमशी सांधा जुळवते. खेळातली फ्रेम मात्र एका क्षणाची, धारदार कोरलेली असते. दोन धारदार चित्रांमधली फट डोळ्याला खुपते. शिवाय सिनेमा आपण नुसता पाहतो आणि खेळात बटण दाबल्यावर उत्तराची वाट पाहतो.

रात्रपाळी
मी रोज रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळतो आणि मला भाचा बरोबर वाटतो. ६० एफपीएसवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, तर १४४ वर ती ६.९ मिलिसेकंदांत बदलते. कोपऱ्यावरून शत्रू डोकावतो, तेव्हा तो समोरच्याला माझ्या आधी दिसला तर नेम कितीही चांगला असून उपयोग होत नाही. एकदा १४४ वर हात बसला की ६० वर माऊस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. माझ्या मते १४४ ही किमान मर्यादा धरावी आणि त्याखालचे पडदे विकणे बंद करावे.

कॅफे १.६
रात्रपाळी, आपण अनुभवाने बोलता, पण एका खेळाची गरज सर्व खेळांवर लादता. १९९८ साली निन्टेंडो ६४ वर आलेला ‘ओकारिना ऑफ टाइम’ सेकंदाला जेमतेम २० फ्रेम दाखवत असे आणि आजही लोक तो सर्वोत्तम खेळांमध्ये गणतात. आम्ही सांगलीच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक १.६ खेळत होतो. भिंतीकडेच्या दोन संगणकांवर शंभर एफपीएस मिळत, म्हणून त्यांच्यासाठी रांग असे. मात्र उरलेल्या संगणकांवर चाळिशीत खेळून आम्ही काही कमी ओरडत नव्हतो. आनंद आकड्यावर चालत असता, तर त्या कॅफेच्या मालकाने दोनच संगणक ठेवले असते.

रात्रपाळी
रांग त्या दोन संगणकांसाठीच लागत होती, हे आपणच लिहिले आहे. माझे म्हणणे तेच आहे.

मधला वाडा
मी एका वाक्यात उत्तर मागितले होते आणि इथे सिनेमाचा इतिहास चालू आहे. काजवा यांनी विचारलेली माहिती देतो. खेळ फोर्झा होरायझन ५. कार्ड आरटीएक्स ४०५०. खेळाच्या सेटिंगमध्ये रेझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवले आहे, ६० ची मर्यादा मीच घातली आहे आणि व्हीसिंक बंद आहे. रिफ्रेश रेट १४४ हर्ट्झ, तसे खोक्यावरच छापले आहे. आता सांगा, यंत्र सदोष आहे की नाही?

काजवा
यंत्र सदोष असल्याचे यातून तरी दिसत नाही. कोपऱ्यातला आकडा ही सरासरी असते, हे आधी ध्यानात घ्यावे. एका सेकंदात साठ फ्रेम तयार झाल्या, एवढेच तो सांगतो. त्या कशा वाटल्या गेल्या, हे सांगत नाही. पन्नास फ्रेम भराभर आल्या, मग क्षणभर खोळंबा झाला आणि उरलेल्या दहा धावत आल्या, तरी आकडा ६० च राहील. एस.टी. दिवसातून चार आहेत, पण चारही सकाळी लागोपाठ सुटतात, असा हा प्रकार असतो. म्हणून जाणकार सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेगही पाहतात. सरासरी ६० आणि तो आकडा ५५ असेल तर खेळ गुळगुळीत वाटतो, पण तो २० वर आला असेल तर सरासरी ९० असूनही गाडी अडखळते.

तुमच्या बाबतीत फ्रेम-टाइमचा, म्हणजे एकेक फ्रेम किती वेळ घेते त्याचा, आलेख लावून पाहावा. रेघ सपाट असेल तर दोष खेळात किंवा कार्डात नाही. आणखी दोन गोष्टी सांगा. रॅमची पट्टी एकच आहे की दोन? खेळताना चार्जर लावलेला असतो का? बॅटरीवर असताना लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाची शक्ती बरीच आवळतो, आणि बॅटरी टिकवण्याच्या काही सोयी तर खेळाला ३० वरच बांधून ठेवतात.

गुळाचा खडा
एवढ्या उलाढाली करण्यापेक्षा सरळ प्लेस्टेशन ५ घ्यावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेक मोठ्या खेळांत दोनच पर्याय असतात, देखणे चित्र हवे तर ३० आणि वेग हवा तर ६०, त्यामुळे रॅमच्या पट्ट्या मोजत बसावे लागत नाही. काही खेळांत तर ४० चा पर्यायही असतो आणि तो दोन्हींच्या मधला म्हणून मला उत्तम वाटतो. लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळू नये, हेही जाता जाता सुचवतो.

कॅफे १.६
लॅपटॉप मांडीवर ठेवला आहे, असे धागाकर्त्यांनी कुठे म्हटले आहे? आणि ४० ‘मधला’ कसा? ३० आणि ६० च्या मध्ये ४५ येतात. चौथीचे गणित आहे.

काजवा
चौथीच्या गणितात इथे गफलत होते, कारण डोळा फ्रेम मोजत नाही, दोन फ्रेममधला वेळ अनुभवतो. ३० वर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० वर १६.७, आणि या दोहोंच्या बरोबर मध्ये येतात २५ मिलिसेकंद, म्हणजेच ४० एफपीएस. गुळाचा खडा यांचे म्हणणे त्यामुळे योग्य आहे, पण अर्धेच. १२० हर्ट्झच्या पडद्यावर ४० ची प्रत्येक फ्रेम पडद्याच्या तीन-तीन रिफ्रेशपुरती टिकते आणि सगळे समान पडते. २०२१ मध्ये ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’ला ४० ची सोय मिळाली, तीही १२० हर्ट्झच्या पडद्यांसाठीच. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर हेच ४० आणले तर एक फ्रेम एकदा, पुढची दोनदा, पुन्हा एक एकदा, अशी लंगडी चाल सुरू होते. त्यापेक्षा स्थिर ३० बरे. ज्या पडद्यांचा रिफ्रेश रेट खेळाच्या वेगाप्रमाणे बदलतो, त्यांना हा जाच होत नाही.

मधला वाडा
रॅमच्या पट्ट्या दोन आहेत. आलेख लावला, रेघ सपाट आहे. चार्जर कायम लावलेला असतो, टीव्हीच्या मागेच प्लग आहे. मांडीवर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. उद्या शनिवार आहे, याची आठवण करून देतो.

काजवा
टीव्हीच्या मागे? आपण लॅपटॉप टीव्हीला जोडून खेळता का?

मधला वाडा
अर्थात. हॉलमध्ये ५५ इंची फोर-के टीव्ही असताना पंधरा इंची पडद्यावर कोण डोळे फोडून घेईल? लॅपटॉप मिटून टीव्हीच्या फळीवर ठेवतो. हे सांगायला हवे होते का?

प्रोजेक्टरची खोली
होय.

काजवा
म्हणजे खोक्यावरचा १४४ चा पडदा मिटलेला आहे आणि आपण पाहता तो पडदा वेगळाच आहे. आता असे करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, त्यात डिस्प्ले, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, वरच्या यादीतून टीव्ही निवडा आणि तिथे रिफ्रेश रेट काय लिहिला आहे, ते जसेच्या तसे इथे लिहा. ज्या केबलने टीव्ही जोडला आहे, ती कुठून आली, तेही सांगा.

तिसरी घंटा
टीव्हीवर ६० येणारच नाहीत, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. दूरदर्शनही त्याच हिशेबाने चालत असे.

प्रोजेक्टरची खोली
जुन्या दूरदर्शनपुरते ते खरे आहे. पाल या जुन्या प्रक्षेपण पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, त्याही ५० अर्ध्या-अर्ध्या भागांत येत. आजचा टीव्ही भिंतीतल्या विजेकडून चित्राचा वेग घेत नाही आणि ६० हर्ट्झ बिनतक्रार दाखवतो.

मधला वाडा
तिथे ३० हर्ट्झ लिहिले आहे. यादी उघडली तर ३० च्या वर पर्यायच नाही. केबल जुन्या सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली आहे. ३० कसे? खेळ तर ६० दाखवतो आहे!

काजवा
खेळ खोटे बोलत नाही. कार्ड सेकंदाला ६० फ्रेम तयार करते आहे, पण टीव्हीकडे जाणारे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, म्हणून निम्म्या फ्रेम वाटेतच गळतात. ताशी १८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. ६० वर ती दर फ्रेमला सुमारे ८३ सेंटीमीटर पुढे सरकली असती, ३० वर ती एकदम १ मीटर ६७ सेंटीमीटर उडी घेते. तुमची झाडे ठेचकाळतात ती या उडीमुळे.

कारण बहुधा जोडणीत आहे. एचडीएमआय (टीव्हीला चित्र नेणारी जोडणी) जुन्या १.४ आवृत्तीची असेल तर फोर-के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच जाते. फोर-के ६० वर हवे तर २.० लागते. खेळात १०८० ठेवले, तरी विंडोज टीव्हीला फोर-केच पाठवते आहे. आजची सोय म्हणून विंडोजमध्येच टीव्हीचे रेझोल्यूशन १९२० बाय १०८० करा, म्हणजे यादीत ६० उगवेल. पुढे सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी केबल घ्या आणि टीव्हीच्या मेनूमध्ये त्या पोर्टाचा वाढीव सिग्नलचा पर्याय चालू करा, तो अनेकदा मुळात बंद असतो. गेम मोडही लावा. तो नसेल तर टीव्ही चित्र घोटूनपुसून मग दाखवतो आणि स्टिअरिंग वळवल्यानंतर गाडी विचार करून वळते.

मधला वाडा
केले. ६० आले. झाडे आता सरळ सरकत येतात. गेम मोडने तर गाडीच बदलल्यासारखी वाटली. परत करण्याचा अर्ज मागे घेतला आहे.

भाच्याने मात्र पिच्छा सोडला नाही. त्याने खेळातली मर्यादा वाढवून लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर कधी ६० आणि कधी १४४ लावले, आकडा झाकला आणि मला पाच वेळा ओळखायला लावले. तीन वेळा बरोबर आले, दोनदा चुकले. तसेच ३० आणि ६० चे केले तेव्हा पाचही वेळा पहिल्याच वळणावर ओळखले. तेव्हा माझ्यापुरते उत्तर ६० असे धरतो.

रात्रपाळी
हा प्रयोग ग्राह्य धरता येणार नाही. १४४ डोळ्यापेक्षा हाताला आधी कळते. माऊस झटक्यात फिरवून पाहावा, पाचपैकी पाच वेळा ओळखाल.

मधला वाडा
माऊस नाही, कंट्रोलर आहे. हेही सांगायला हवे होते का?