मदत हवी आहे: आरएक्स-८ चं रोटरी इंजिन पहिल्यांदाच उतरवून खोलायचंय

नमस्कार मंडळी,

या विभागात 'कुठली गाडी घेऊ' छापाचे धागे जास्त दिसतात, हा त्यातला नाही. मी ऑकलंडला असतो. दारात २००४ ची मझ्दा आरएक्स-८ आहे. जपानी बाजारातली, वापरलेली म्हणून इथे आलेली, टाइप एस, सहा गियरची. आपल्याकडे मझ्दा म्हणजे स्वराज मझ्दाची मिनीबस, तेव्हा थोडक्यात सांगतो. या गाडीत पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट यातलं काहीच नाही. वान्केल पद्धतीचं इंजिन, नाव रेनेसिस, जुन्या १३बी घराण्यातलं. फुगीर बाजूंचे दोन त्रिकोणी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८ सीसी. एवढ्यातून जपानी कागदावर २५० पीएस आणि ९००० आरपीएमपर्यंत ओढ. पेट्रोल किती पिते ते विचारू नका, बायको वाचते इथे.

दुखणं असं आहे. सकाळी थंड असताना पहिल्या फटक्यात सुरू होते. अर्धा तास चालवून पेट्रोल पंपावर बंद केली की स्टार्टर नुसता फिरत राहतो, इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून थोडी थंड होऊ दिली की रडतखडत सुरू. चारही प्लग, चारही कॉइल, बॅटरी आणि स्टार्टर बदलून झालेत. शेवटी रोटरीचा खास कॉम्प्रेशन टेस्टर असलेल्या माणसाकडून मोजून घेतलं. साध्या गेजवर रोटरच्या तिन्ही बाजूंचा मिळून एकच आकडा येतो, कुठली बाजू मेलीय ते कळत नाही. २५० आरपीएमला जुळवलेले आकडे, बारमध्ये:

पुढचा रोटर: ६.९, ६.८, ७.०
मागचा रोटर: ६.७, ५.१, ६.८

कंपनीची किमान मर्यादा ६८० किलोपास्कल, म्हणजे ६.८ बार. पुढचा काठावर पास, मागचा नापास. माझा अंदाज, मागच्या रोटरची एखादी एपेक्स सील गेली. (रोटरच्या तिन्ही टोकांवर खाचेत बसवलेल्या पट्ट्या असतात, २ मिमी जाडीच्या. पिस्टनला रिंगा, तशा रोटरला या.)

इथल्या एका रोटरीवाल्याने इंजिन बांधून द्यायचा जो भाव सांगितला, त्यात दुसरी आरएक्स-८ येईल. म्हणून स्वतःच करायचं ठरवलंय. बाबांची येझदी कितीतरी वेळा खोललीय, इथे आल्यावर कोरोलाचा क्लचही बदललाय. हाताला काळं लागायची सवय आहे, पण रोटरी उघडलेली प्रत्यक्ष कधी पाहिली नाही. वर्कशॉप मॅन्युअल मिळालंय. त्यात गाडी लिफ्टवर आहे आणि कंपनीची सगळी खास हत्यारं हाताशी आहेत असं गृहीत धरलंय. माझ्याकडे एका गाडीचं गॅरेज, चार जॅक स्टँड आणि भाड्याने मिळणारी क्रेन.

जाणकारांना विचारायचं ते हे. इंजिन एकटं वरून काढू की गियरबॉक्ससकट? फ्लायव्हीलचा तो ५४ मिमीचा अवाढव्य नट इम्पॅक्ट गन नसताना सोडवता येतो का? इंजिन साध्या स्टँडवर चढवून खोलता येईल का? आणि खोलताना ज्या बारीक सील आणि स्प्रिंगा निघतात त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

आगाऊ धन्यवाद.

घाटवाट:
विकून टाका आणि सुखाने कोरोला चालवा. :)
बरं, गंमत सोडा. कार्बन साफ करून बघितलात का? इनटेकच्या व्हॅक्यूम नळीतून क्लीनर ओढवायचा, रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी हायवेवर दाबून चालवायची. शेजारपाजारचे धुराने वैतागतील, पण इंजिन उतरवण्यापेक्षा स्वस्त.

दोन_रोटर:
धागाकर्ते, मी मेलबर्नला असते. माझ्याकडे दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ आहे, तिचं १३बी घरच्या गॅरेजमध्ये खोलून परत भरलंय. आरएक्स-८ माझी नाही, पण मैत्रिणीच्या गाडीचं इंजिन उतरवताना सोबत होते.

आधी तुमचे आकडे परत बघा. एपेक्स सील दोन बाजूंच्या मध्ये बसते, दोन कप्प्यांमधली भिंतच ती. ती गळायला लागली तर तिच्या दोन्हीकडचे कप्पे खाली येतात. तुमच्या मागच्या रोटरला ६.७, ५.१, ६.८ आहे. एकच बाजू पडलीय, शेजारच्या दोन्ही जवळपास ठीक. त्यामुळे माझा संशय साइड सीलवर आहे. रोटरच्या सपाट बाजूवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकडी गेलेली ती बारीक पट्टी. ती फक्त आपल्याच कप्प्याची राखण करते. रेनेसिसमध्ये एक्झॉस्टचं पोर्ट बाजूच्या लोखंडी प्लेटमध्ये आणलंय, म्हणजे जळका वायू साइड सीलच्या अंगावरूनच जातो, कार्बन खाचेत साचतो आणि सील रुतून बसते. स्प्रिंग तिला वर ढकलूच शकत नाही. घाटवाट म्हणतात तो उपाय म्हणूनच करून बघण्यासारखा आहे. सुटली सील तर सुटली. पण पुढचा रोटरही काठावरच आहे, त्यामुळे कधीतरी उघडावं लागणारच.

आता उतरवण्याचं. माझं मत: गियरबॉक्स गाडीतच राहू द्या. तो काढायचा तर एक्झॉस्ट, कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्ट, आणि गियरबॉक्स ते डिफरन्शियल जोडणारी ती लांब चौकट, सगळं खोलावं लागतं. इंजिन आखूड आहे. रेडिएटर, पंखे आणि वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढला की ते पुढे सरकवायला भरपूर जागा होते. बेल हाउसिंगच्या (गियरबॉक्सचं इंजिनला जोडणारं घंटेसारखं तोंड) खाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा द्या, नाहीतर इंजिन सुटल्यावर गियरबॉक्सचं नाक खाली येईल. वरच्या बाजूचे बेल हाउसिंगचे बोल्ट हा खरा वैताग आहे. दोन-तीन एक्स्टेंशन जोडून, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घालून, गियरबॉक्सच्या मागून वर पोचायचं. एसीचा गॅस सोडू नका. कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून सोडवून नळ्यांसकट बाजूला बांधून ठेवता येतो. स्टीअरिंगला तेलाचा पंप नाहीच, इलेक्ट्रिक आहे. टाइप एसला ऑइल कूलर दोन, त्यांच्या नळ्या विसरू नका. आणि पेट्रोलच्या लाइनला हात लावण्याआधी पंपाचा रिले काढून इंजिन फिरवून प्रेशर उतरवा.

एक गोष्ट मॅन्युअल सांगत नाही. गाडी जॅक स्टँडवर जितकी उंच कराल तितकं इंजिन क्रेनने आणखी वर न्यावं लागतं. आमच्याकडे शेवटी क्रेनची उंची संपली आणि सम्प (इंजिनखालची तेलाची परात) पुढच्या पट्टीला अडकला. क्रेनचे पाय गाडीखाली जेमतेम सरकतील एवढीच उंची ठेवा.

स्टँडबद्दल: साधा स्टँड बेल हाउसिंगच्या बोल्टांवर बसतो, म्हणजे मागच्या लोखंडी प्लेटवर. आणि रोटरी खोलताना सगळ्यात आधी निघते तीच प्लेट! त्यामुळे एकतर रोटरीचा वेगळा अडॅप्टर लागतो, जो इंजिन बाजूने धरतो, किंवा आम्ही केलं तसं: पुढचं सगळं सामान काढून इंजिन नाकावर उभं करायचं, खाली जुना टायर. टायर फुकट मिळतो.

नटाचं अनुभवी लोकांनी सांगावं, आमच्याकडे गन होती.

पाना_नं_१४:
रोटरीला कधी हात लावलेला नाही, चाकणला गियरबॉक्सच्या लाइनवर आहे. नटापुरतं बोलतो. १३बीच्या या नटाचा कसण्याचा टॉर्क ३९२ ते ४९० न्यूटन-मीटर छापलेला आहे. दीड मीटरचा पाइप घातला तर टोकाला साधारण ३३ किलोचा जोर, म्हणजे माणसाच्या आवाक्यातला. पण तो कसतानाचा आकडा. इतकी वर्षं बसलेला आणि थ्रेडलॉक लावलेला नट सोडवायला त्याहून बराच जास्त लागेल. पाऊण इंची ड्राइव्हचा बार घ्या, अर्धा इंची तुटतो आणि तुटताना तोंडावर येतो. फ्लायव्हील अडकवायला जाड लोखंडी पट्टी: एक टोक क्लचच्या भोकात बोल्टने, दुसरं बेल हाउसिंगच्या भोकात. पेचकस दातांत घालून भागवू नका.

थोडी उष्णता दिली तर थ्रेडलॉक मऊ होतं. पण आत लगेच रबरी ऑइल सील आहे, त्यामुळे टॉर्च नटावरच आणि थोडाच वेळ. सील बदलणारच असाल तर फार विचार करू नका.

दोन_रोटर:
@पाना_नं_१४, छान माहिती. त्यात एक भर: नट सैल झाला की पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. फ्लायव्हील टेपरवर घट्ट बसलेलं असतं. पुलर लावला की ते 'ठण्ण' करून सुटतं, आणि नट नसेल तर पायावर येतं. फ्लायव्हील अडकवलेलं असतानाच पुढच्या पुलीचा मधला बोल्टही सैल करून घ्या, नंतर इंजिन धरायला काही उरत नाही.

सीलांचं उत्तर राहिलं होतं. एका रोटरला ३ एपेक्स, ६ कॉर्नर आणि ६ साइड सील, प्रत्येकीखाली स्प्रिंग, शिवाय दोन्ही अंगांना ऑइल सील. कॉर्नर सील म्हणजे रोटरच्या टोकांवर बसणारी, औषधाच्या गोळीएवढी, आणि तिला घरंगळायला फार आवडतं. मी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला. 'मागचा रोटर, मागची बाजू, टोक १' असं प्रत्येक खड्ड्याजवळ लिहून, सील निघाली की थेट आपल्या खड्ड्यात. सगळं बदलणार असलात तरी हे करा. कुठली सील कुठल्या जागी झिजली यावरूनच दुखणं वाचता येतं.

प्लेटा आणि रोटर हाउसिंग (रोटर ज्यात फिरतो ते कवच) यांची थप्पी आवळणारे लांब बोल्ट एकदम सोडू नका, मॅन्युअलमधल्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. मागची प्लेट उचलताना सरळ वर. तिला चिकटून रोटर किंवा सील वर येतात, म्हणून दुसऱ्याला बोटांनी खाली दाबून धरायला सांगा. मधली प्लेट तशी निघणार नाही. एक्सेंट्रिक शाफ्ट (साध्या इंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या जागी असतो तो) इंचभर वर उचलावा लागतो, मगच ती सुटते. आम्ही तिथे बराच वेळ 'कुठला बोल्ट राहिला' म्हणून शोधत बसलो होतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. साइड सीलचं वाचून आकडे परत बघितले, पटलं. क्लीनरचा प्रयोग केला. शेजारच्या आजोबांनी अग्निशमन दलाला फोन करायचाच बाकी ठेवला होता. मागच्या रोटरची ती बाजू ५.१ वरून ५.४ झाली, गरम असताना सुरू व्हायची बोंब तशीच. त्यामुळे क्रेन आणली.

इंजिन बाहेर आलंय, गियरबॉक्स गाडीतच. उंचीचा सल्ला फार कामी आला. नट सहा फुटी पाइपने सुटला, पट्टी वाकली पण टिकली. मागची प्लेट आणि मागचा रोटर काढलाय. तिन्ही एपेक्स सील खाचेत व्यवस्थित हलतात. मागच्या अंगाची एक साइड सील मात्र कार्बनने पार सिमेंट झालीय, नखाने दाबली तर ढिम्म हलत नाही. तीच ५.१ वाली बाजू असणार.

आता अडचण. मागच्या प्लेटवर, सील फिरते त्या वाटेवर, नखाला अडकेल अशी पायरी आहे. रोटर हाउसिंगचा क्रोम कडेला थोडा उडालाय, प्लगच्या भोकांजवळ मात्र चकचकीत आहे. आणि एक मोहाचा प्रश्न: पुढचा रोटर ६.८ च्या खाली कुठेच नाही. त्याला तसाच ठेवून फक्त मागचा नवीन सील घालून भरला तर?

घाटवाट:
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, कोरोला.

दोन_रोटर:
मोह आवरा. ते लांब बोल्ट पुढच्या प्लेटपासून मागच्या प्लेटपर्यंत सगळी थप्पी एकत्र दाबून धरतात. ते सैल झाले त्या क्षणी पुढच्या हाउसिंगच्या दोन्ही अंगांच्या कूलंट सीलांवरचा दाबही गेला. इतकी वर्षं दबून कडक झालेलं ते रबर परत तसंच दाबलं तर गळणार, आणि मग पाणी पुढच्या रोटरमध्ये. तेव्हा पुढचाही उघडा.

पायरी नखाला लागते म्हणजे मोजायलाच हवी. डायल गेज नसेल तर चांगली सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून फीलर गेज सारा. आमच्या जुन्या १३बीला ही मर्यादा ०.१० मिमी होती. रेनेसिसची तुमच्या मॅन्युअलमधून घ्या, माझ्या आकड्यावर जाऊ नका. मर्यादेबाहेर असेल तर प्लेट घासून सपाट करून देणारे आहेत, पण वरचा कडक केलेला थर त्यानंतर किती उरतो ते काम देण्याआधी विचारा. नाहीतर धड अवस्थेतली वापरलेली प्लेट शोधा. ऑकलंडला रोटरीवेडे भरपूर आहेत, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडलेली असेल.

हाउसिंगचा कडेचा क्रोम: उडालेली जागा एपेक्स सीलच्या वाटेत किती आत शिरलीय ते बघून फोटो टाका. प्रत्येक साइड सील घालताना ती आणि कॉर्नर सील यांच्यातली फट मोजायची असते, आमच्याकडे ती ०.०५ ते ०.१५ मिमी ठेवली होती, लागेल तिथे सील टोकाला घासून. नवीन सील मागवण्याआधी प्लेटचा निकाल लागू द्या, पायरीवर नवीन सील घालून काही उपयोग नाही.